चार बोटं आणि अंगठा

बालवाडीच्या मुलाखतीला जायचं म्हणून काटकोनबाईंनी दोन दिवस आधीपासून पुठ्ठे कापायला घेतले होते. एक ते दहा आकडे, प्रत्येकाचा रंग वेगळा, कडा पट्टीने आखून सरळ कापलेल्या. शिवाय एका डबीत लाल बटणं. नवरा चष्म्याच्या दुकानातून जेवायला घरी आला की तो सगळा पसारा सरकवून ताटं मांडावी लागायची.

"अगं, बारावीच्या वर्गावर जाताना कधी एवढी तयारी केली नाहीस," तो म्हणाला.

"तिथे गरज नव्हती. ते मला येत होतं," बाई म्हणाल्या, आणि सातच्या आकड्याची तिरकी रेघ आणखी एकदा तपासून पाहिली.

काटकोनबाई हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. चोवीस वर्षं त्यांनी अकरावी-बारावीला गणित शिकवलं. फळ्याजवळ त्या इतक्या ताठ उभ्या राहत की कुठल्याशा जुन्या तुकडीने हे नाव ठेवलं आणि पुढच्या प्रत्येक तुकडीने ते आपसूक उचललं. बाईंच्या कानावर ते आलं होतं. मनातून त्यांना ते आवडायचंही. काटकोनात संशयाला जागा नसते.

मग कॉलेजात विज्ञानाला मुलं येईनाशी झाली आणि ती शाखाच बंद पडली. बाई घरी बसल्या. पहिला महिना त्यांनी कपाटं आवरली, दुसरा महिना आवरलेली कपाटं पुन्हा आवरली. अकरा महिन्यांनी त्यांच्या नणंदेने बातमी आणली, की तिच्या नातवाच्या बालवाडीत शिक्षिकेची जागा निघाली आहे. नणंदेने ती बातमी जरा बिचकतच सांगितली, कारण वहिनींचा स्वभाव तिला माहीत होता. पण बाईंनी तिथल्या तिथे अर्ज लिहिला. "मुलं लहान, एवढाच काय तो फरक," त्या म्हणाल्या. "गणित तेच."

बालवाडी म्हणजे एका बैठ्या इमारतीतल्या दोन मोठ्या खोल्या आणि मागे अंगण. आत पाऊल टाकलं आणि बाईंना आपण चुकून फार वाढलो आहोत असं वाटलं. तिथे सगळंच गुडघ्याच्या उंचीला होतं. दप्तरं अडकवायच्या खुंट्या गुडघ्याशी, हात धुवायचे नळ गुडघ्याशी, आरसाही गुडघ्याशी. त्या आरशात बाईंना स्वतःच्या कडक इस्त्रीच्या कपड्यांचा फक्त खालचा भाग दिसला.

मुख्याध्यापिका जमिनीवर बसून एका फाटक्या चित्रपुस्तकाला खळ लावत होत्या. साठीच्या, बुटक्या, केस बारीक कापलेले. सगळे त्यांना मोठी ताई म्हणत. त्यांनी खळीच्या बोटानेच समोरच्या खुर्चीकडे इशारा केला. ती खुर्ची बाईंच्या पर्सपेक्षा जेमतेम मोठी होती. बाई कशाबशा तिच्यावर टेकल्या, आणि चोवीस वर्षांत कोणी मोडलेला पाहिला नव्हता तो काटकोन तिथे मोडला.

"तुमचा अर्ज वाचला," मोठी ताई म्हणाल्या. "एवढं शिक्षण घेऊन आमच्याकडे कोणी आलेलं नाही. आता मला सांगा, एखादं मूल चावलं तर काय कराल?"

बाईंनी बालमानसशास्त्राची दोन पुस्तकं वाचली होती. त्यांत हे नव्हतं.

"कोणाला चावलं तर?"

"तुम्हाला."

बाईंनी विचार केला. "मुख्याध्यापकांना कळवेन."

"म्हणजे मला. मला कळवून येईपर्यंत ते दुसऱ्या कोणाला तरी चावलेलं असेल," मोठी ताई अगदी शांतपणे म्हणाल्या आणि पुस्तकाचं पान दाबून बसवलं. "असू दे. चला, वर्ग घ्या. पंधरा मिनिटं. काय हवं ते शिकवा."

वर्गात बारा मुलं अर्धवर्तुळात बसली होती. त्यांची शिक्षिका, छोटी ताई, तेवीस-चोवीस वर्षांची पोर होती. तिच्या बाहीवर निळा रंग होता आणि केसांत कशाचा तरी चिकट गोळा. ती मागे जाऊन भिंतीशी बसली. मोठी ताई दारात उभ्या राहिल्या.

सुरुवात झकास झाली. बाईंनी पुठ्ठे एकेक करून वर धरले आणि बारा तोंडांतून एक सुरेल घोष निघाला, एक, दोन, तीन, चार, थेट दहापर्यंत. पुठ्ठे संपले तरी घोष थांबेना, तो अकरा-बारा करत वीसपर्यंत गेला. यांना तर सगळं येतंच की, बाईंना वाटलं. त्यांनी समोरच्या मुलापुढे पाच बटणं एका ओळीत मांडली.

"ही किती आहेत?"

मुलाने एकेका बटणावर बोट ठेवलं. "एक, दोन, तीन, चार, पाच."

"शाब्बास. मग किती आहेत?"

मुलाने बाईंकडे पाहिलं. पुन्हा पहिल्या बटणावर बोट ठेवलं. "एक, दोन, तीन, चार, पाच."

"हो, पण एकूण किती?"

त्याने आता जरा सावकाश, बाईंना ऐकू कमी येत असावं अशा समजुतीने, मोठ्याने म्हटलं, "एक. दोन. तीन. चार. पाच."

बाईंनी बटणं गोलात मांडून पाहिली. मग किती, विचारलं. मूल गोलाभोवती मोजत सुटलं ते आठपर्यंत गेलं, कारण कुठून निघालो हे त्याच्या लक्षात राहिलं नाही. शेजारचा म्हणाला दहा. त्याच्या शेजारची म्हणाली, "ताई, तुझी बटणं फ्रॉकची आहेत का?" चोवीस वर्षांत विद्यार्थ्याने बाईंना अगं-तुगं केलं नव्हतं. त्या उत्तर शोधत होत्या तेवढ्यात कोणीतरी सातचा पुठ्ठा डोक्यावर ठेवला, तो पाहून इतरांना पुठ्ठे हवेसे झाले, आणि सहाव्या मिनिटाला वर्ग संपला. म्हणजे वर्ग होता, पण त्यात बाई नव्हत्या. मुलं त्यांना ओलांडून आपापल्या वाटेने निघून गेली होती.

बाईंचा चेहरा पार उतरला. त्यांनी वाकून बटणं गोळा केली. एक सापडलं नाही.

"आता मी निघते," त्या मोठ्या ताईंना म्हणाल्या.

"अजून अर्धा तास आहे तुमचा." मोठ्या ताईंच्या आवाजात राग नव्हता आणि कीवही नव्हती. "त्या कोपऱ्यात बसा. एक मूल निवडा आणि ते काय करतं ते बघा. बोलायचं नाही, मदत करायची नाही, हात लावायचा नाही. नंतर मला सांगा काय दिसलं."

बाई कोपऱ्यात बसल्या. खरं तर त्यांना घरी जाऊन पुठ्ठे केराच्या टोपलीत टाकायचे होते. समोर जे मूल सगळ्यांत जवळ होतं तेच त्यांनी निवडलं. चार वर्षांची असेल अशी एक काळीसावळी मुलगी, एक मोजा वर, एक खाली. सतत काहीतरी उचलून इकडून तिकडे नेत असल्यामुळे तिला सगळे मुंगी म्हणत. बाईंनी वही काढून लिहिलं, "मुलगी. वय अंदाजे चार. शेंबूड." आणि घड्याळ पाहिलं.

चित्रांची वेळ झाली. मुलं टेबलांभोवती बसली. मुंगीच्या टेबलाशी तिच्याखेरीज चौघं होती. छोटी ताई दुसऱ्या टेबलावर सांडलेलं पाणी पुसत होती, तिथूनच ती म्हणाली, "मुंगी, तुमच्या टेबलाला रंगाच्या वाट्या आण गं. प्रत्येकाला एक."

खोलीच्या दुसऱ्या टोकाला फडताळ होतं. मुंगी धावत गेली, एक वाटी आणली, पहिल्या मुलापुढे ठेवली. धावत परत गेली, एक वाटी आणली, दुसऱ्यापुढे ठेवली. अशा तिने पाच खेपा केल्या. प्रत्येक खेपेला ती टेबलाकडे पाहायची, कोणाची जागा रिकामी दिसते ते बघायची, आणि पुन्हा पळायची. पाचवी वाटी तिने आपल्या रिकाम्या जागेपुढे ठेवली आणि धापा टाकत उभी राहिली.

एकदम पाच आणायला काय झालं होतं, बाईंच्या मनात आलं. वीसपर्यंत तर घडाघडा म्हणते.

"आता ब्रश," छोटी ताई म्हणाली.

मुंगी निघाली. तीन पावलं गेली आणि थांबली. मागे वळून टेबलाकडे पाहिलं, पुढे फडताळाकडे पाहिलं. तिच्या कपाळाला बारीक आठी पडली होती. मग ती फडताळाकडे जायचं सोडून टेबलाकडे परत आली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. का ठेवलं ते त्यांना सांगता आलं नसतं.

मुंगीने डाव्या हाताची मूठ वळली. उजव्या हाताने पहिल्या मुलाच्या डोक्याला शिवली आणि मुठीतलं पहिलं बोट उघडलं. दुसऱ्याच्या डोक्याला शिवली, दुसरं बोट उघडलं. तिसरं बोट एकटं उघडेना, तेव्हा तिने ते उजव्या हाताने ओढून सरळ केलं. चौथ्या मुलाच्या डोक्याला शिवून करंगळी. अंगठा आत दुमडलेलाच राहिला. तिच्या तोंडातून एक-दोन-तीन निघालं नाही. ते गाणं होतं, त्याचा इथे संबंध नव्हता. तिने फक्त माणसं घेतली आणि ती एकेक करून आपल्या हातावर उतरवली.

मग ती निघाली. हात छातीशी धरून, काठोकाठ भरलेलं भांडं न्यावं तशी, पाय घासत. बाई जागच्या जागी पुढे झुकल्या. वाटेत ठोकळ्यांचा मनोरा धाडकन कोसळला, मुंगीने तिकडे मान वळवली नाही. करंगळी लवायला लागली तशी तिने दुसऱ्या हाताने तिला आधार दिला. फडताळ चार पावलांवर होतं. तेवढ्यात एक मुलगा "मुंगी, हे बघ" म्हणत आला आणि त्याने नेमका तोच हात धरून ओढला.

बोटं मिटली.

बाईंच्या तोंडून उद्गार निघता निघता राहिला. चारच ब्रश, उठून देऊन टाकावेत असं त्यांना क्षणभर वाटलं. आणि लगेच, असं काही करणं म्हणजे केवढा मोठा अपराध होईल हेही लख्ख कळलं. त्यांनी हात मांडीखाली दाबून धरले.

मुंगी रडली नाही, त्या मुलाला ढकललंही नाही. तिने आपल्या मिटलेल्या हाताकडे पाहिलं. मग वळून टेबलापाशी परत गेली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. डोकं, बोट. डोकं, बोट. या वेळी ती भिंतीच्या कडेकडेने गेली.

फडताळापाशी तिने एकेक ब्रश उचलून एकेका बोटाला लावून पाहिला. या बोटाचा हा. या बोटाचा हा. चार बोटांचे चार ब्रश झाले. पाचवा ब्रश तिने उचलला, पण त्याच्यासाठी बोट उरलं नव्हतं, तेव्हा परत ठेवला. ती मुलं टेबलाशीच बसली होती, एकमेकांना कोपरं मारत होती, आणि तरीही ती इथे फडताळापाशी होती, मुंगीच्या हातावर. त्यांची नावं, चेहरे, शेंबूड सगळं मागे राहिलं होतं. इथवर आलं होतं ते फक्त ती किती आहेत एवढंच. कधीतरी कोणीतरी पहिल्यांदा हे केलं असेल, त्याला किती हजार वर्षं झाली कोण जाणे. आणि आता ते पुन्हा चाललं होतं, एक मोजा खाली घसरलेल्या मुलीकडून, मंगळवारी सकाळी सव्वाअकराला. खोलीत कोणाचंच तिकडे लक्ष नव्हतं.

मुंगीने चौघांना ब्रश वाटले आणि आपल्या खुर्चीवर बसली. तिची वाटी होती. ब्रश नव्हता.

ती चक्रावली. चौघांच्या हातांकडे पाहिलं, सगळ्यांकडे होता. टेबलाखाली वाकून पाहिलं. मग आपला डावा हात समोर धरला, चार बोटं उघडी. कितीतरी वेळ ती त्या हाताकडे बघत राहिली. हळूच, जणू दाराआडून कोणी डोकवावं तसा, अंगठा बाहेर आला.

"आणि मी," मुंगी स्वतःशीच म्हणाली.

ती अंगठा उभा धरून फडताळाशी गेली, एक ब्रश घेऊन आली आणि चित्र काढायला बसली. लाल रंगाचं काहीतरी. पुढची दहा मिनिटं तिने दुसरं काहीच केलं नाही.

अर्धा तास संपल्याचं मोठ्या ताईंनी येऊन सांगितलं तेव्हा बाईंच्या वहीत सुरुवातीला लिहिलेले तेवढेच शब्द होते. पायांना मुंग्या आल्या होत्या. ऑफिसात त्या पुन्हा त्याच बुटक्या खुर्चीवर बसल्या, या वेळी कशा बसलो हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. छोटी ताईही येऊन दाराशी टेकली.

"काय दिसलं?" मोठ्या ताईंनी विचारलं.

बाईंनी बोलायला तोंड उघडलं आणि पहिलाच शब्द कुजबुजल्यासारखा निघाला. चोवीस वर्षं त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत खणखणीत पोहोचत होता. त्यांनी पाणी मागितलं, प्यायल्या, आणि मग सगळं सांगितलं. मुठीपासून अंगठ्यापर्यंत, करंगळीला दिलेल्या आधारासकट. एक खेप सोडली नाही. छोटी ताई दाराशी टेकली होती ती सरळ उभी राहिली.

"आणि मी तेव्हा पाणी पुसत होते," ती म्हणाली.

"दर वर्षी पहिल्या तासाला मी मुलांना सांगायचे," बाई म्हणाल्या, "की संख्या म्हणजे काय हे आपल्याला ठाऊकच आहे, तेव्हा पुढे जाऊ. मला ठाऊक नव्हतं हो. मी आज पाहिलं." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तुम्ही हे रोज बघता?"

मोठ्या ताईंनी चष्मा काढून पुसला. "एकतीस वर्षं झाली मला. घडतं प्रत्येक मुलाच्या बाबतीत. कोणाचं बोटांवर, कोणाचं जिन्याच्या पायऱ्यांवर, एकाचं तर चपलांच्या जोडांवर झालं. पण मला सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत सापडलं ते पाच किंवा सहा वेळा. बाकीच्या वेळी मी कोणाची तरी चड्डी बदलत होते."

पलीकडच्या खोलीतून बाकं सरकवल्याचा आवाज येत होता.

"मी तुमच्याशी खरं बोलते," मोठी ताई मग म्हणाल्या. "शिक्षिकेची जागा मी तुम्हाला देऊ शकत नाही. बघता तुम्ही फार छान. एवढं छान बघणारं माणूस मला मुलाखतीत कधी भेटलेलं नाही. पण मुलांत तुम्ही खांबासारख्या उभ्या राहता. त्यांच्यात बसायचं कसं, ते शिकायला वेळ लागेल. मदतनिसाची एक जागा आहे, वर्षभरासाठी. हिच्या हाताखाली." त्यांनी छोट्या ताईकडे पाहिलं. ती पोर एवढी अवघडली की केसांतला चिकट गोळा चाचपू लागली. "ब्रश धुवायचे, नाकं पुसायची, डबे उघडून द्यायचे. तुम्हाला ते कमीपणाचं वाटलं तर मी समजू शकते. विचार करून सांगा."

"कधीपासून येऊ?" बाईंनी विचारलं.

घरी जाताना त्या बस सोडून चालतच निघाल्या. रस्ता नेहमीचाच होता, पण त्यांना प्रत्येक माणसाकडे थांबून बघावंसं वाटत होतं. फळवाला गिऱ्हाइकाच्या पिशवीत सहा संत्री टाकत होता, बोलता बोलता, न बघता. चौकातला पोलीस एका बाजूच्या गाड्या अडवून दुसऱ्या बाजूच्या सोडत होता. एक म्हातारा बाकावर बसून औषधाच्या गोळ्या वेगळ्या करत होता, सकाळच्या, दुपारच्या. यांतल्या प्रत्येकाने एके काळी, कुठल्यातरी साध्या दिवशी, कुठल्यातरी खोलीत, हे एकट्याने केलं होतं. आणि एकालाही ते आठवत नव्हतं. बाईंनी स्वतःच्या आठवणीत शक्य तितकं मागे जाऊन पाहिलं. त्यांनाही आठवेना. त्यांना त्या फळवाल्याविषयी एकदम एवढा आदर वाटला की गरज नसताना त्यांनी संत्री घेतली.

रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं. तो लक्ष देऊन ऐकत होता. बोलणं संपल्यावर म्हणाला, "बरं, मग? पुढे काय झालं?"

"पुढे काही नाही. तिने चित्र काढलं."

त्याने आमटीत भाकरी कुस्करली. बायको मदतनीस होणार, तीही लेकीच्या वयाच्या मुलीच्या हाताखाली, हे त्याच्या पचनी पडायला दोन-चार दिवस लागणार होते. पण इतक्या वर्षांच्या संसारात त्याने तिचा असा चेहरा पाहिला नव्हता. तो म्हणाला, "अगं, ती तिसऱ्या बोटाची गोष्ट परत सांग. ते एकटं उघडत नाही ना? माझंही उघडत नाही." दोघंही जेवणाचा हात तसाच ठेवून डाव्या हाताची मूठ उघडून-मिटून बघत बसली.

तीन आठवड्यांनी बाई कामावर रुजू झाल्या. पहिल्या दिवशी त्यांनी बारा डबे उघडून दिले, चार वेळा नाड्या बांधल्या, आणि एका मुलाने त्यांच्या मनगटाला चावा घेतला तेव्हा कोणालाही न कळवता त्याला मांडीवर घेतलं, कारण दुसरं काही सुचलं नाही. तो तिथेच झोपला. त्याला घेऊन त्या जमिनीवर बसून राहिल्या, पाठ भिंतीला टेकलेली, पाय लांब पसरलेले, बाहीला लाळ.

चित्रांच्या वेळी मुंगी त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. तिला बाईंची ओळख अर्थातच नव्हती.

"ताई, पाच ब्रश दे."

बाईंनी झोपलेल्या मुलाला सावरत हळूच विचारलं, "पाचच कशाला गं? कसं कळलं तुला?"

मुंगीने त्यांच्याकडे असं पाहिलं, की एवढ्या मोठ्या बाईला एवढं कळू नये याचंच तिला नवल वाटावं. "पाच आहोत ना आम्ही," ती म्हणाली.

बाईंनी मोकळ्या हाताने शेजारच्या बरणीतून पाच ब्रश काढून दिले. मुंगीने ते न मोजता घेतले आणि ती पळाली. मांडीवरचं पोर कूस बदलून कुरकुरलं, आणि बाई त्याला थोपटत समोरच्या टेबलांकडे डोळ्यांत तेल घालून बघत राहिल्या.